सुझुकी व्हायोलिनचं पहिलं पुस्तक: विकत काय मिळतं आणि घरून काय घालावं लागतं

चार-पाच वर्षांच्या मुलाला व्हायोलिनला घालायचं ठरलं की पाश्चात्त्य पद्धतीने शिकवणारे पुष्कळ शिक्षक पहिल्याच दिवशी एक पातळसं पुस्तक आणायला सांगतात. मग ते पुण्या-मुंबईतले असोत, नाहीतर न्यू जर्सीतले. ते पुस्तक म्हणजे सुझुकी व्हायोलिन स्कूलचा पहिला भाग. इथे त्या पुस्तकाचं, त्याच्यासोबतच्या ध्वनिमुद्रणाचं आणि मुलाच्या मापाच्या वाद्याचं मिळून परीक्षण केलं आहे. तिन्ही वेगवेगळी तपासण्यात अर्थ नाही. नुसतं पुस्तक आणून कपाटात ठेवणारे पालक पुष्कळ असतात आणि सहा महिन्यांनी तेच म्हणतात, 'मुलाला गोडी नाही.' बहुतेक वेळा गोडी असते. घरात त्या चाली कधी वाजलेल्याच नसतात, एवढंच.

ही पद्धत कोणी आणि का बसवली, हे कळलं की पुस्तक तसं का आहे ते कळतं. शिनिची सुझुकी यांचा जन्म १८९८ चा, नागोयाचा. वडील मासाकिची यांचं घराणं शामिसेन हे जपानी तंतुवाद्य बनवणारं. त्यांनी पुढे व्हायोलिनचा मोठा कारखाना काढला. म्हणजे सुझुकींचं बालपण वाद्यांच्या लाकडात गेलं, पण वाजवायला ते लागले वयाच्या सतराव्या वर्षाच्या आसपास, व्हायोलिनवादक मिशा एल्मनची ध्वनिमुद्रिका ऐकून. पुढे बर्लिनला कार्ल क्लिंगलर यांच्याकडे शिकले, परतल्यावर भावांसोबत चार वादकांची चौकडी चालवली, मैफिली केल्या. मग एक चार वर्षांचा मुलगा, तोशिया एतो, त्यांच्याकडे शिकायला आणला गेला. एवढ्या लहान मुलाला कसं शिकवायचं, हा प्रश्न उभा राहिला. त्यावर त्यांना जे सुचलं ते आज साधं वाटतं: जपानमधली सगळी मुलं जपानी बोलतात, कोणीही नापास होत नाही, मग भाषा जशी येते तसंच संगीत का येऊ नये? १९४६ मध्ये मात्सुमोतोला त्यांनी वर्ग सुरू केले आणि उरलेलं आयुष्य मुलांना दिलं. १९६४ मध्ये ते दहा मुलांना घेऊन अमेरिकेला गेले आणि तिथून ही पद्धत जगभर पसरली. १९९८ मध्ये ते गेले.

मूल आधी ऐकतं, मग बोलतं, वाचायला फार नंतर शिकतं. पहिल्या पुस्तकाची रचना पूर्णपणे याच क्रमावर उभी आहे. पुस्तक उघडलं की स्वरलिपी दिसते, पण ती मुलासाठी नाही, पालकासाठी आणि शिक्षकासाठी आहे. मुलाने पहिल्या काही महिन्यांत ती वाचायची नसते. 'वाचायला शिकवत नाहीत' ही तक्रार इथूनच येते. आपल्याकडे गुरूसमोर बसून कानाने उचलायची परंपरा असल्यामुळे मराठी घरांना हे पटायला हवं. तरी शाळेच्या सवयीने आपण वही-पुस्तक आधी मागतो.

पुस्तकात १७ चाली आहेत. पहिली 'ट्विंकल', तीही लयीचे वेगवेगळे प्रकार करून, मूळ चाल सगळ्यात शेवटी. त्यानंतर लोकगीतांच्या चाली. त्यातल्या 'लाइटली रो', 'साँग ऑफ द विंड' आणि 'मे साँग' या मुळात जर्मन मुलांच्या गाण्यांच्या चाली आहेत. सुझुकी जर्मनीत बरीच वर्षं होते, त्याची ही खूण. मधल्या पाच चाली सुझुकींनी स्वतः रचलेल्या. मग तीन मिन्युएट, शूमानचा 'हॅपी फार्मर' आणि शेवटी गोसेकचं गाव्होत (मिन्युएट आणि गाव्होत हे युरोपातले जुने नृत्यप्रकार). मालिकेत एकूण दहा पुस्तकं आहेत आणि नवव्या-दहाव्यात मोझार्टचे कॉन्चेर्टो, म्हणजे वाद्यवृंदासोबत वाजवायच्या मोठ्या रचना, येतात, यावरून चढण किती लांब आहे ते लक्षात यावं.

या क्रमातलं खरं कसब सरगम लावून पाहिल्यावर कळतं. व्हायोलिनच्या चार तारा जाडीकडून बारीककडे जी, डी, ए, ई अशा मिळवतात. पहिल्या नऊ चाली ए मेजरमध्ये आहेत, म्हणजे आपल्या भाषेत सा पांढरी सहावर. मोकळी ए तार सा, त्यावर पहिलं बोट रे, दुसरं ग, तिसरं म. मोकळी ई तार प, तिच्यावर पहिलं बोट ध, दुसरं नी, तिसरं तार सा. दोन्ही तारांवर बोटांची ठेवण अगदी सारखी: पहिलं आणि दुसरं यांच्यात अंतर, दुसरं आणि तिसरं एकमेकांना चिकटलेली. मुलाला एकच ठेवण शिकायची असते आणि तिच्यात अख्खं सप्तक बसतं. 'ट्विंकल' म्हणजे सा सा प प ध ध प, म म ग ग रे रे सा. पेटीवर पांढरी सहा धरून हे आधी गाऊन घेतलं तर मूल व्हायोलिनवर चुकीचा स्वर स्वतःच ओळखतं. हार्मोनियम असलेल्या घराने हा फायदा अवश्य घ्यावा.

पहिला लयप्रकार असा असतो: चार लहान ठोके, दोन मोठे. इंग्रजी वर्गात त्यासाठी खाण्याच्या पदार्थांची नावं म्हणतात, ती मराठी मुलाच्या जिभेवर नीट बसत नाहीत. त्याऐवजी 'झुकुझुकु गाडी' म्हणावं. झु-कु-झु-कु हे चार लघू, गा-डी हे दोन गुरू, बरोबर तेच माप. आधी टाळीवर, मग हवेत गज धरून, मग मोकळ्या ई तारेवर. गज मधल्या भागातच, चार-पाच इंच जागेत फिरला पाहिजे. मूल पहिल्या दिवसापासून पूर्ण गज ओढायला लागलं की गज तारांखालच्या लाकडी पुलाकडे आणि बोटांच्या पट्टीकडे घसरतो आणि आवाज किरकिरतो. लांब गज नंतर येतो. हा लयप्रकार आधी ठेवण्याचं कारणच ते आहे.

नवव्या चालीपर्यंत सगळं सुरळीत चालतं. त्या चालीत चौथं बोट लागतं. दहाव्या-अकराव्या चालीत सा डी वर, म्हणजे पांढरी दोनवर येतो, पण बोटांची ठेवण तीच राहते, फक्त एक तार खाली सरकते. घोडं अडतं ते बाराव्या चालीत, 'एट्यूड'मध्ये. इथे सा पांढरी पाचवर जातो. आता ए तार रे होते, पहिलं बोट ग आणि त्याला लगटून दुसरं बोट म. इतके महिने दुसरं बोट तिसऱ्याला चिकटत होतं, आता ते पहिल्याला चिकटायला हवं. पण जी आणि डी तारांवर ते जुन्याच जागी. म्हणजे तार बदलली की दुसऱ्या बोटाची जागा बदलते. मूल इथे वर लागलेला म वाजवतं, पालक 'बेसूर' म्हणतात आणि ते हिरमुसतं. उपाय असा की 'एट्यूड' सुरू करण्याच्या दोन-तीन आठवडे आधीपासून ए तारेवर फक्त रे-ग-म-ग-रे रोज वाजवायचं, हळू, गाऊन. चाल नंतर घ्यावी. पुस्तकात या जागी तयारीचे सराव आहेत, पण ते थोडे आहेत. इथे शिक्षकाने आपली भर घालायलाच हवी.

तीन मिन्युएट त्यामानाने सोपे वाटतात, पण तिथे तीन मात्रांचा ताल पहिल्यांदाच नीट सांभाळावा लागतो. तिसऱ्याची चाल फार प्रसिद्ध. बाखची म्हणून ती लोकांना माहीत आहे, खरी ती पेट्झोल्ड या संगीतकाराची.

आता वाद्य. पुस्तकापेक्षा इथे चुका महागात पडतात. व्हायोलिनची मापं १/१६, १/१०, १/८, १/४, १/२, ३/४ आणि पूर्ण अशी असतात. हे आकडे लांबीचे नव्हेत. पूर्ण मापाच्या वाद्याचं खोड साधारण साडेपस्तीस सेंटिमीटर, तर 'अर्ध्या'चं एकतीस-बत्तीस. म्हणून वयावरून माप काढू नका. मुलाला वाद्य डाव्या खांद्यावर घेऊन हात पुढे लांब करायला सांगा. वाद्याच्या टोकाचा गुंडाळा तळहातात यावा, बोटं त्याच्याभोवती सहज वळावीत आणि कोपर थोडं वाकलेलं असावं. कोपर ताठ झालं तर वाद्य मोठं आहे. 'वाढत्या अंगाचं' म्हणून एक माप मोठं घेणं ही सर्वांत जास्त होणारी चूक आहे. कपड्यांना ते चालतं, व्हायोलिनला नाही. मोठ्या वाद्यावर तिसरं बोट पोचत नाही, मनगट आत दुमडतं आणि ती सवय सुटायला वर्ष लागतं. दोन मापांमध्ये मन अडकलं तर लहान घ्या.

वाद्य हातात आल्यावर काही गोष्टी तपासा. घोडी, म्हणजे तारा ज्या लाकडी पुलावरून जातात तो, चिकटवलेली नसते, तारांच्या दाबाने उभी असते. तिचे पाय दोन्ही एफ-आकाराच्या भोकांच्या आतल्या खाचांच्या रेषेत यायला हवेत आणि शेपटीकडची (तारा खालच्या टोकाला जिथे अडकवतात तो भाग म्हणजे शेपटी) बाजू खोडाशी काटकोनात. तारा मिळवताना घोडी बोटांच्या पट्टीकडे झुकत जाते. आठवड्याला एकदा पाहून दोन्ही हातांनी हलकेच मागे घ्यावी, नाहीतर एक दिवस ती आडवी पडते. चारही तारा एकदम कधीच सैल करू नका. आतला साउंड पोस्ट, म्हणजे खोडातली छोटी लाकडी काठी, नुसता दाबावर उभा असतो, तो पडला की वाद्य दुरुस्तीला न्यावं लागतं. तार बदलायची तर एक काढा, एक लावा, मग पुढची. लहान मापात चारही तारांना फाइन ट्यूनर (सूर बारकाईने लावायचे छोटे स्क्रू) असलेली शेपटी घ्या, पालकाला खुंट्यांशी झगडावं लागत नाही.

स्वस्त वाद्यांत घोडी बहुतेक उंच असते. तारा पट्टीपासून इतक्या वर असतात की मुलाचं बोट दुखतं आणि स्वर चढतो. दुकानदाराने घोडी घासून न दिल्यास तसं वाद्य घेऊच नका. चमकदार रंग, खोक्यात दोन गज, जादा तारा याला किंमत देण्यापेक्षा एकदा नीट लावून घेतलेल्या वाद्याला द्यावी.

पावसाळा हा आपल्याकडचा वेगळा प्रश्न. मुंबई-कोकणात आर्द्रतेने खुंट्या फुगून घट्ट बसतात, जोर लावून फिरवल्या की तार तुटते. गजाचे केस लांबतात, ताणण्याचा स्क्रू संपतो तरी ते सैलच राहतात. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात उलट होतं: खुंट्या सुकून सुटतात, सकाळी व्हायोलिनची पेटी उघडावी तर सगळ्या तारा लोंबत असतात. खुंटी फिरवताना थोडी आत दाबत फिरवणं हा अर्धा उपाय, खुंटीला लावायची पेस्ट हा उरलेला. वाद्य गाडीच्या डिकीत ठेवू नका, सरस सुटून कडा उघडतात. वाजवून झाल्यावर गज सैल करायचा, केसांना हात लावायचा नाही. नवी राळ काचेसारखी गुळगुळीत असते, गजाला लागतच नाही. बारीक पॉलिशपेपरने तिचा पृष्ठभाग खरवडून घ्यावा. 'नवं व्हायोलिन वाजतच नाही' या तक्रारीचं कारण नव्वद टक्के हेच असतं, असं आम्ही अनुभवाच्या अंदाजाने म्हणू.

बोटांच्या जागांसाठी पट्टीवर चिकटपट्ट्या लावतात. शिक्षक लावून देत नसतील तर हिशोब सोपा आहे. तार जिथून खुंट्यांकडे वळते त्या टोकापासून घोडीपर्यंतची लांबी मोजा. तिचा नववा भाग पहिल्या बोटासाठी, पाचवा दुसऱ्यासाठी, चौथा तिसऱ्यासाठी, सगळं वरच्या टोकापासून. लांबी २६ सेंटिमीटर असेल तर अंदाजे २.९, ५.२ आणि ६.५. मग कानाने पक्कं करा: ए तारेवर तिसरं बोट ठेवलं की मोकळ्या डी तारेचा वरचा सूर यायला हवा आणि डी तार हात न लावता थरथरायला हवी. ही थरथर मुलांना दाखवा. एकदा ती दिसली की मूल पट्टी न बघता तोच सूर शोधायला लागतं. चिकटपट्ट्या पुस्तक संपेपर्यंत एकेक करून काढून टाकाव्यात.

सुरुवातीला खरं वाद्य नसतंच. खोक्याला कागद गुंडाळून आणि पट्टी चिकटवून केलेलं नकली व्हायोलिन, पायांच्या जागा आखलेला पुठ्ठा आणि गज म्हणून पेन्सिल, यावर काही आठवडे जातात. पालकांना हा वेळकाढूपणा वाटतो. तसं नाही. उभं राहणं, नमस्कार, वाद्य हनुवटीखाली घेणं आणि खाली आणणं हे इथेच बसतं. नकली वाद्य हातातून पडलं तरी चालतं. गज धरताना अंगठा सुरुवातीला खालच्या बाजूला, लाकडी ठोकळ्याबाहेर ठेवायची सुझुकींची पद्धत लहान हाताला फार सोयीची आहे. पुढे तो आत घ्यायचा असतो. तो कधी घ्यायचा हे शिक्षकाने ठरवावं, पालकाने नाही.

या पद्धतीत मुलाच्या आधी पालक शिकतात. आई किंवा बाबा, किंवा घरातल्या आजी, मुलासमोर पहिली चाल वाजवायला शिकतात, मूल बघतं आणि मग मागतं. वर्गात पालकाने बसून टिपणं घ्यायची, घरी तेच करून घ्यायचं. ज्यांच्याकडे रोज पंधरा-वीस मिनिटं नाहीत त्यांनी हा मार्ग घेऊ नये, असं आम्ही स्पष्ट सांगू. साधा आठवड्याचा वर्ग त्यांच्यासाठी बरा. पंधरा मिनिटंही एका बैठकीत नकोत, चार वर्षांच्या मुलाला पाच मिनिटं तीनदा पुरतात. प्रत्येक वेळी एकच गोष्ट पाहावी: आज फक्त गजाचा अंगठा. सूर, कोपर, पाय, सगळं एकदम सुधारायला गेलं की मूल वाद्य ठेवून निघून जातं.

ध्वनिमुद्रण रोज वाजवायचं, जेवताना, गाडीत, हळू आवाजात. सध्या चालू असलेलीच चाल नव्हे, पुढच्या पाच-सहाही. पहिल्या तीन पुस्तकांचं व्हायोलिनवादक हिलरी हान यांनी २०२० मध्ये केलेलं ध्वनिमुद्रण आम्ही सुचवू. त्या स्वतः चौथ्या वर्षाच्या आतबाहेर याच पद्धतीने शिकायला लागल्या. लहानशा चालीही त्या मैफिलीइतक्याच काळजीने वाजवतात आणि मुलाच्या कानात तोच आवाज बसतो. जुनी चाल सोडायची नाही, रोज दोन-तीन जुन्या वाजवायच्या, हाही नियम तितकाच महत्त्वाचा. नव्या चालीत गज बिघडतो तो जुन्या चालीवर दुरुस्त होतो.

दोष आहेत. पहिलं पुस्तक पूर्ण मेजरमध्ये आहे, म्हणजे आपल्या हिशोबाने सगळा बिलावल. कोमल ग, कोमल नी असलेल्या अभंग-भावगीतांवर वाढलेल्या कानाला हे वर्ष कोरडं जाऊ शकतं. आठवड्याला एक आपली चाल, कोमल स्वर असलेली, कानाने बसवून घेतली तर पुस्तकाला काही धक्का लागत नाही. सुचेल ते वाजवण्याला इथे जागाच नाही. स्वरलिपी वाचन फार उशिरा सुरू करणारे शिक्षकही असतात. दुसऱ्या पुस्तकाच्या मध्यापर्यंत मूल स्वतः चार ओळी वाचू शकत नसेल तर विचारावं. आणि ज्यांना मुलाला हिंदुस्तानी व्हायोलिनकडे न्यायचं आहे त्यांनी हे लक्षात घ्यावं की तिथे जमिनीवर बसून, वाद्याचं टोक पायावर टेकवून वाजवतात, तारा सा-प वर मिळवतात, मींडेसाठी डावा हात मोकळा ठेवतात. सुझुकीने कान आणि गज तयार होतो, पण बैठक नव्याने शिकावी लागते.

शिक्षक निवडताना दोनच गोष्टी विचारा. पहिल्या पुस्तकाचं सुझुकी प्रशिक्षण घेतलं आहे का, आणि एकट्याच्या धड्याशिवाय गटाचा वर्ग आहे का. गटात लहान मूल मोठ्यांना वाजवताना पाहतं आणि त्याची पुढच्या चालीची भूक तिथे तयार होते. घरी कितीही समजावलं तरी ती तशी होत नाही. नुसतं 'सुझुकी पुस्तकातून शिकवतो' म्हणणं म्हणजे सुझुकी पद्धत नव्हे.

वाद्य विकत घेण्याआधी भाड्याने किंवा अदलाबदलीने मिळतं का पाहा. लहान मापं एक-दोन वर्षांतच बदलतात आणि वर्गातल्या मोठ्या मुलाचं जुनं, नीट लावलेलं वाद्य नव्या स्वस्त वाद्यापेक्षा बरं असतं. माप बदललं की जुन्या चिकटपट्ट्यांचा अंदाज चुकतो, सगळे स्वर थोडे उतरतात. त्या आठवड्यात नवी चाल घेऊ नका. ए तारेवर तिसरं बोट, मोकळ्या डी ची थरथर, आणि मग पुन्हा पहिल्या पानापासून झुकुझुकु गाडी.